ठासणीची बंदूक आणि घनाचा नियम

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात एल्क या थोराड हरणाच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकांचा स्वतंत्र हंगाम असतो. नळीचा अंतर्व्यास निदान ०.५० इंच हवा, असा तेथील नियम आहे. एवढ्याशा व्यासाला इतके महत्त्व का?

गोलाचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ०.५० इंची नळीत चिंधीसह बसणारी ०.४९ इंची शिशाची गोळी सुमारे १७७ ग्रेन भरते (१५.४ ग्रेन म्हणजे १ ग्रॅम), ०.५३ इंची गोळी २२४ ग्रेन. व्यास ८ टक्क्यांनी वाढला, वजन २६ टक्क्यांनी! लांबट गोळी त्याच नळीत याहून जड बसते. मात्र ती स्थिर राहण्यास आट्यांना अधिक पीळ लागतो.

मग दारूच वाढवली तर? गोल गोळीचा वेग हवेच्या विरोधाने झपाट्याने घटतो. जादा वेगातला बराचसा भाग वाटेतच संपतो. खांद्याला बसणारा धक्का मात्र वाढतो. सोरा, कोळसा व गंधक यांच्या काळ्या दारूऐवजी निर्धूर दारू त्याच मापाने भरली, तर नळीच फुटू शकते.

हिशेब चुकला तर जनावर मरत नाही, जखमी होऊन रानात तडफडते. म्हणून हे गणित बार काढण्यापूर्वीच सोडवायचे असते.