गौतमाची गाय आणि ब्रह्मगिरीचे पाणी

मार्गशीर्ष पौर्णिमेस सारंगखेड्यास दत्तप्रभूंची यात्रा भरते. एकमुखी दत्ताचे दर्शन, तापीचे स्नान आणि घोड्यांचा बाजार यांसाठी लोक लांबलांबून येतात. मागे एका यात्रेत तेथे आमची कीर्तनसेवा झाली. निरूपणाच्या ओघात त्र्यंबकेश्वराच्या ब्रह्मगिरीची कथा आली. कीर्तन संपले, आरती झाली, माणसे पाया पडून जाऊ लागली. तेव्हा पन्नाशीचा एक शेतकरी पुढे आला आणि म्हणाला, “महाराज, गाय खोटी होती ना? मग पाप खरं कसं?”

आम्ही घाईत होतो. “अहो, अजाणता घडलं तरी पाप ते पापच,” असे शास्त्रातले तयार उत्तर देऊन मोकळे झालो. तो गृहस्थ काही बोलला नाही. मान हलवून गेला.

पंगतीत शेजारच्याने सांगितले, “महाराज, त्याच्याकडे गावच्या सप्त्याची वर्गणी असायची. पैसे खाल्ले असा आळ आला. पुढं हिशेब बरोबर निघाला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं. तीन वर्षं झाली, त्यानं टाळ हातात धरला नाही.” ऐकून घास घशात अडकला. त्याने गौतमाची गोष्ट विचारलीच नव्हती, स्वतःची विचारली होती. घरी आल्यावर पोथी सोडली. त्याला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर येथे देत आहोत.

प्रथम स्थळाचा विचार करू. त्र्यंबक म्हणजे एकच देऊळ नव्हे. खाली ज्योतिर्लिंगाचे मंदिर, त्यात एका खळग्यात ब्रह्मा, विष्णू, महेश अशी तीन अंगुष्ठमात्र लिंगे. आजचे काळ्या पाषाणाचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधावयास घेतले आणि ते १७८६ मध्ये पुरे झाले. जवळ कुशावर्त तीर्थ. पायऱ्यांनी वर चढले की गंगाद्वार आणि नाथांच्या गुहा. पायथ्याशी निवृत्तिनाथांची समाधी, जेथे पौष वद्य एकादशीस वारकऱ्यांचा मेळा जमतो. या साऱ्यांना एकत्र धरून ठेवणारा तो डोंगर ब्रह्मगिरी. गोदावरी येथे उगम पावून सुमारे १४६५ कोस नव्हे बरं का, किलोमीटर चालून पूर्वसमुद्रास मिळते.

आता कथा. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत ती सविस्तर आहे. मोठा दुष्काळ पडला. गौतमांनी तप करून वरुणाकडून अक्षय पाण्याचा खड्डा मिळवला. त्या पाण्यावर शेत पिकले, इतर ऋषी बायकामुलांसह तेथे येऊन राहिले. पुढे पाणी भरण्यावरून तंटा झाला. (पाणवठ्यावरचे भांडण कृतयुगापासून आहे, हे ध्यानात घ्यावे!) ऋषींनी गौतमांना घालवण्यासाठी गणपतीची आराधना केली. गणपतीने समजावून पाहिले, ते ऐकेनात. शेवटी तो दुबळी गाय होऊन गौतमांच्या शेतात शिरला. गौतमांनी गवताच्या काडीने तिला हाकलले, तोच ती कोसळली. टपून बसलेले ऋषी धावले, “गोहत्यारा!” म्हणून दगड मारू लागले. ज्याच्या पाण्यावर जगले त्यालाच आश्रमाबाहेर काढले. वर प्रायश्चित्त सांगितले: ब्रह्मगिरीच्या एकशे एक प्रदक्षिणा करा, गंगा आणून स्नान करा, पार्थिव लिंगे पुजा.

ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्यात हीच कथा निराळ्या अंगाने येते. तेथे शंकरांच्या जटेतली गंगा खाली उतरवावी अशी पार्वतीची इच्छा, त्यासाठी गणपतीची युक्ती, आणि गाय झाली ती पार्वतीची सखी जया. पण गाय मायेची होती हे दोन्हीकडे सारखेच.

मग पूर्वपक्ष असा, की जेथे हत्याच नाही तेथे पाप नाही, आणि पाप नाही तर प्रायश्चित्त व्यर्थ. हा पूर्वपक्ष बरोबर आहे. शेतकऱ्याचे म्हणणे खरे, आमचे उत्तर चुकीचे. कारण शंकर प्रकट झाले तेव्हा त्यांनी गौतमांना स्पष्ट सांगितले की तू निष्पाप आहेस. पापी असतील तर तुला छळणारे ते ऋषी. निवाडा झाला. आळ धुऊन निघाला.

खरी कथा येथून पुढे आहे. गौतम म्हणाले, त्या ऋषींनी माझ्यावर उपकारच केले. त्यांनी हे केले नसते तर आपले दर्शन मला कोठून घडते? आणि मागितले काय? शत्रूंचा नाश नव्हे, गंगा मागितली. गंगा आली. ते ऋषीही स्नानाला आले, तशी ती गुप्त झाली. दुष्टांना मी दिसणार नाही म्हणाली. तेव्हा त्यांच्यासाठी रदबदली केली ती गौतमांनीच! गंगेने अट घातली, त्यांनीही ब्रह्मगिरीच्या एकशे एक प्रदक्षिणा कराव्यात. त्यांनी त्या केल्या, पश्चात्ताप पावले, मग कुशावर्तावर त्यांना पाणी मिळाले.

त्याच पुराणात कल्पभेदाने दुसरा पाठही आहे, त्यात गौतम त्या ऋषींना शाप देतात. म्हणजे अन्याय झालेल्या माणसापुढे दोन्ही वाटा आहेत, हे पुराणकारांनी लपवले नाही. पण आजही लोक त्र्यंबकास जातात ते शाप आठवण्यासाठी नव्हे, पाण्यासाठी.

आता आपल्या घरची कथा पाहू. विठ्ठलपंत संन्यास सोडून गुरूच्या आज्ञेने संसारात परतले. म्हणून आळंदीने ते कुटुंब वाळीत टाकले. संतचरित्रांत असे आहे, की विठ्ठलपंत मुलाबाळांसह त्र्यंबकास आले आणि रात्री ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा घालू लागले. एके रात्री वाघ आडवा आला. पांगापांग झाली. निवृत्ती वाट चुकून गुहेत शिरले. आत गहिनीनाथ बसले होते! ज्ञानेश्वरीच्या शेवटी माउलींनी परंपरा सांगितली आहे: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. गहिनीनाथांची आज्ञाही तेथे दिली आहे, की कलीने गिळलेल्या जीवांना लवकर जाऊन सोडव. सारंगखेडेकरांना यात काही परके नाही. उत्तरेस सातपुड्यात तोरणमाळावर गोरक्षनाथांचे स्थान आहे. आणि गावाजवळून वाहणारी तापी मेहूणवरून येते, जेथे १२९७ मध्ये मुक्ताई गुप्त झाल्या असे सांप्रदाय मानतो.

दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहा. दोघेही निरपराध, दोघांनाही समाजाने बाहेर काढले, दोघेही त्याच डोंगराभोवती फिरले. दोघांना वर जे मिळाले ते त्यांनी खाली आणले, आणि ज्यांनी छळले त्यांना वगळले नाही. एकाने पाणी आणले, दुसऱ्याने ज्ञान. म्हणूनच १२९० मध्ये नेवाशास ग्रंथ पुरा करताना माउलींनी दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागितले.

कोणी म्हणेल, “मग अन्याय मुकाट सोसायचा काय?” नाही. कथा तसे सांगत नाही. येथे तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही लागतात. निष्पाप माणूस निष्पाप आहे, हे उघड सांगितले गेले पाहिजे. ज्यांनी आळ घेतला त्यांनीही डोंगराला फेरे घातले पाहिजेत. आणि हे झाल्यावर पाणी कोणालाही तोडायचे नाही. पहिल्या दोन गोष्टी गावाने करायच्या, तिसरी ज्याच्यावर आळ आला त्याने. गावाने आपला वाटा न उचलता त्यालाच “क्षमा कर बाबा” म्हणत राहणे, हा दुसरा दगड होय.

असो. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा सारंगखेड्यास गेलो. तो गृहस्थ समोर बसला होता. आम्ही सर्वांदेखत म्हणालो, “गेल्या खेपेस येथे एकाने प्रश्न विचारला आणि आम्ही चुकीचे उत्तर दिले. पाप खरे नव्हते.” मग वर लिहिले ते सांगितले. कीर्तन संपल्यावर त्याच्या गावची दोन म्हातारी माणसे उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. काय बोलली ते आम्हांस ऐकू आले नाही. थोड्या वेळाने एकाने आपल्या गळ्यातले टाळ काढून त्याच्या पुढ्यात ठेवले. त्याने ते लगेच उचलले नाहीत. भजन चालू झाले, तिसऱ्या अभंगाला मात्र उचलले.

रामकृष्णहरि.