छप्पर साफ करण्याचा खर्च कशाचा?

कल्याणहून कर्जतला जाणाऱ्या लोकलच्या खिडकीतून पाहिले तर अर्ध्या तासात छपरांचे तीन प्रकार नजरेखालून जातात. उल्हासनगरच्या बाजूला एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या इमारतींच्या सपाट गच्च्या दिसतात. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत १९४७ नंतर सिंधमधून आलेले निर्वासित राहिले आणि त्यातूनच १९४९ साली हे शहर नावारूपाला आले. अंबरनाथला कारखान्यांवर सिमेंटचे नाहीतर लोखंडाचे पत्रे आहेत. बदलापूरच्या पुढे खेडी लागली की मंगळूरी कौले दिसू लागतात. ही कौले मुळात बासेल मिशनच्या मंगळूर येथील कारखान्यातली. तो कारखाना १८६५ साली सुरू झाला होता.

मे महिना आला की या तिन्ही छपरांच्या मालकांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : पावसाळ्यापूर्वी छप्पर साफ करून घ्यायचे, तर खर्च किती येईल? एक जण जो आकडा सांगतो त्याच्या दुप्पट दुसरा सांगतो. असे का होते, ते आपण पाहू.

प्रथम क्षेत्रफळ घेऊ. समजा, एका कौलारू घराने जमिनीवर ६ मीटर × ९ मीटर, म्हणजे ५४ चौरस मीटर जागा व्यापली आहे. छपराचा उतार ३० अंशांचा आहे. छप्पर तिरपे असल्यामुळे त्याचे क्षेत्रफळ जमिनीपेक्षा जास्त भरते. ५४ ला ३० अंशांच्या कोज्येने, म्हणजे ०.८६६ ने भागा. उत्तर सुमारे ६२.४ चौरस मीटर येईल. कारागीर चौरस फुटांत बोलतात. त्या हिशेबाने जमीन ५८१ आणि छप्पर ६७१ चौरस फूट झाले. दर चौरस फुटाला ८ रुपये धरला (हा आकडा केवळ उदाहरणासाठी), तर ७२० रुपयांचा फरक पडतो. मालक घराची लांबी-रुंदी मोजतो आणि कारागीर छप्पर मोजतो. दोघेही प्रामाणिक असतात, तरीही भांडण होते!

आता काम पाहू. कौलारू घर शाकारताना एका चौरस मीटरला साधारण १५, म्हणजे आपल्या उदाहरणात ९०० हून अधिक कौले हाताळावी लागतात. फुटकी कौले बदलायची, सरकलेली रिपांवर पुन्हा बसवायची, कोने चुन्यात किंवा सिमेंटमध्ये घट्ट करायचे. यात झाडू मारण्याचे काम थोडे, कौशल्याचे जास्त.

गच्चीचे तसे नाही. तिथला काळा थर धूळ नसून बहुतांशी सजीव असतो. नील-हरित जीवाणू, शैवाल आणि मॉस यांची ती वस्ती होय. काही नील-हरित जीवाणू आपल्याभोवती गडद रंगाचे आवरण तयार करतात. ते त्यांना सूर्याच्या अतिनील किरणांपासून वाचवते. उन्हाळ्यात ते वाळतात, पण मरत नाहीत. पहिला पाऊस पडताच पुन्हा ताजेतवाने होतात. म्हणून मे महिन्यात नुसती खरवडून घेतलेली गच्ची श्रावणापर्यंत पुन्हा निसरडी होते आणि मालक कारागिराला दोष देतो.

मग पुष्कळजण फरशी धुण्याचे अ‍ॅसिड आणतात. ते स्वस्त पडते आणि काळेपणा लगेच जातो. परंतु हे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सिमेंटमधील चुन्याचे घटकही विरघळवते. मागे राहणारी क्लोराइडे तड्यांतून आत शिरली, की स्लॅबमधील सळ्यांना गंज चढू लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो. तो काँक्रीटला आतून फोडतो आणि खालच्या खोलीच्या छताचे पापुद्रे पडू लागतात. विरंजक चूर्णाचे सौम्य द्रावण जंतू मारते, पण त्यातही क्लोराइडे असतातच. तेव्हा तडे आधी बुजवावेत आणि द्रावण लावल्यावर गच्ची भरपूर पाण्याने धुवावी. विरंजक चूर्ण आणि अ‍ॅसिड मात्र कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

२८ मे २०२१ रोजी उल्हासनगरात एका इमारतीचा स्लॅब कोसळून ७ जणांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनेमागे बांधकामाचा दर्जा, इमारतीचे वय, झिरपणारे पाणी अशी अनेक कारणे असू शकतात आणि त्यांचा निवाडा तज्ज्ञांनीच करायचा असतो. आपण फक्त पाण्याचा हिशेब करू. या पट्ट्यात वर्षाला सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हा १०० चौरस मीटरच्या गच्चीवर चार महिन्यांत अडीच लाख लिटर पाणी पडते. ते सगळे दोन-तीन नळ्यांतून खाली जायचे असते. नळीच्या तोंडाशी एक प्लॅस्टिकची पिशवी अडकली आणि गच्चीत १० सेंटिमीटर पाणी साचले, तर १० टन वजन झाले! वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोग्रॅम भार धरलेला असतो. त्यातला १०० किलोग्रॅम या पाण्यानेच खाल्ला. नळीचे तोंड मोकळे करून त्यावर जाळी बसवण्याचा खर्च साऱ्या कामात सर्वांत कमी, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा.

सिमेंटच्या पत्र्यांविषयी वेगळे सांगायला हवे. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. कोरडा पत्रा तारेच्या ब्रशाने घासला की ते तंतू हवेत उडतात. ते फुप्फुसात गेले तर अनेक वर्षांनी कर्करोगही होऊ शकतो. शिवाय असा पत्रा ठिसूळ असतो. वर चढलेल्या माणसाच्या भाराने तो अचानक फुटतो, आधी वाकून इशारा देत नाही. म्हणून भार वाटून घेणारी आडवी फळी, कमरेचा पट्टा, पक्क्या आधाराला बांधलेला दोर आणि खाली उभा असलेला दुसरा माणूस, एवढे लागतेच. कमी दर सांगणाऱ्याने नेमके हेच वगळलेले असते. तेव्हा दर विचारताना "दोर आणि फळी धरून का?" असे विचारा. मजुरी, पाणी, द्रावण, गाळ खाली उतरवण्याची हमाली आणि उंच इमारतीला परांची, ही प्रत्येक बाब वेगळी लिहून मागा. दोन आकड्यांतला दुपटीचा फरक कुठून आला ते लगेच कळेल.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग : छपरावर न चढता, उतरवून ठेवलेली दोन कौले मिळवा, एक स्वच्छ आणि एक शेवाळलेले. दोन्ही चार दिवस उन्हात वाळवून वजन करा. मग २४ तास पाण्यात बुडवा, बाहेर काढून कापडाने टिपा आणि पुन्हा वजन करा. प्रत्येकाने स्वतःच्या वजनाच्या किती टक्के पाणी शोषले ते काढा. त्यानंतर दोन्ही कौले सावलीत ठेवून दर दोन तासांनी वजन करा आणि कोणते आधी वाळते याचा आलेख आखा.