किटचे विमान आणि नवा वैमानिक : डहाणू-तलासरी परिसरातील अनुभवाचे बोल

ज्या विमानाचे पत्रे, फासळ्या, नळ्या आणि जोडसाहित्य कारखान्यातून पेट्यांमध्ये भरून येते, परंतु ज्याची जुळणी विमानाचा मालक स्वतःच्या हाताने करतो, त्याला किटचे विमान म्हणतात. अमेरिकेत अशा विमानाला हौशी बांधणीचे प्रायोगिक विमान म्हणून मान्यता मिळण्यासाठी निम्म्याहून अधिक काम हौशी बांधणाऱ्याने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेले असावे लागते, आणि हाच दंडक जगभर ‘एक्कावन्न टक्क्यांचा नियम’ म्हणून ओळखला जातो. या नियमात काम कोणी करावे हे सांगितलेले आहे, पण काम करणाऱ्याला विमान किती चालवता येते याविषयी त्यात काहीही नाही, ही गोष्ट नव्या वैमानिकाच्या ध्यानात उशिरा येते. बांधणे आणि उडवणे ही दोन वेगळी कौशल्ये असून एकाच्या अभ्यासाने दुसरे वाढत नाही. उलट पहिले बहुधा दुसऱ्याचा वेळ आणि पैसा खाते.

हिशेब साधा आहे. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात किमान ४० तासांचे उड्डाण लागते, तर दोन आसनांचे, पत्र्याचे किटविमान उभे करण्यास साधारणतः १,५०० ते २,००० तासांचे काम पडते, म्हणजे नोकरी-व्यवसाय सांभाळून आठवड्याला दहा तास दिले तरी तीन ते चार वर्षे जातात. प्रस्तुत लेखकाने परवाना हाती येताच चिकूच्या वाडीतील एका गोदामात बांधणी सुरू केली, आणि पहिल्या दीड वर्षात त्याने शेकडो रिव्हेट ठोकले, पण उड्डाण एकदाही केले नाही. ४० तासांची शिदोरी इतकी तुटपुंजी असते की ती दीड वर्ष पुरत नाही. पुन्हा प्रशिक्षकाशेजारी बसल्यावर विमान जमिनीला टेकवण्याचा अंदाजच हरवल्याचे दिसून आले. त्यामुळे किटच्या किमतीइतकेच महत्त्व बांधणीच्या काळात दरमहा उड्डाणासाठी राखून ठेवायच्या रकमेला आहे, आणि ती रक्कम बाजूला काढता येत नसेल तर किटची मागणी नोंदवू नये.

बांधणीनंतरही बराच काळ लागू शकतो, हे महाराष्ट्रातील सर्वात प्रसिद्ध उदाहरणावरून कळते. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान उभारले. ते किटचे नव्हते, तर स्वतःच्या आराखड्याचे होते, आणि बांधणारा नवशिका नसून व्यावसायिक वैमानिक होता. हे विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून त्याची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली, उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणी-उड्डाण ऑगस्ट २०२० मध्ये झाले. प्रदर्शनात उभ्या असलेल्या विमानाला हवेत जाण्यास साडेचार वर्षे लागली, आणि त्यातील प्रत्येक टप्प्यावर हातोडीपेक्षा कागद अधिक चालला. मध्यंतरी, २०१८ मध्ये, राज्य सरकारशी झालेल्या सामंजस्य कराराच्या निमित्ताने विमाननिर्मितीसाठी पालघर जिल्ह्यातील जागेची बरीच चर्चा झाली, आणि तेव्हा या किनारपट्टीवरील अनेक तरुणांना विमान ही आपल्या आवाक्यातील वस्तू वाटू लागली. ती आवाक्यात आहेही, परंतु तिचा रस्ता गच्चीवरून थेट आकाशात जात नाही.

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत धावपट्टी नाही. उत्तरेला दमण येथे तटरक्षक दलाचा तळ आहे, पण तो हौशी माणसाच्या हक्काचा नव्हे; बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण जिथे चालते ते धुळे सह्याद्रीच्या पलीकडे आहे. याचा अर्थ असा की येथे बांधलेले विमान कधीतरी ट्रकवर चढणारच, आणि म्हणून पंख धडापासून सुटे राहतील, प्रत्येक सुटा भाग गोदामाच्या दारातून आणि वाडीच्या रस्त्यावरून बाहेर पडेल, याची मोजणी पहिला पत्रा उघडण्याआधी व्हावी. प्रस्तुत लेखकाने गोदाम मोजले, रस्ता मोजला नाही. गोदाम आणि महामार्ग यांच्या मध्ये असलेल्या अरुंद मोरीने पुढे एका पंखाच्या चौकटीचा पूर्ण आराखडा बदलायला लावला.

गोदामाच्या जागेचाही स्वतंत्र विचार आवश्यक आहे. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील असून तेथे उद्योगांची लाल, नारिंगी आणि हिरवी अशी वर्गवारी करून त्यांवर निर्बंध घातलेले आहेत. एका माणसाची हौस म्हणजे उद्योग नव्हे, हे खरे. तथापि रंगाचा फवारा, कॉम्प्रेसरचा आवाज आणि रसायनांचा कचरा यांमुळे तक्रार आली की ‘हौस’ या शब्दाची व्याख्या करत बसावे लागते, त्यामुळे ग्रामपंचायतीशी आणि शेजारच्या वाडीवाल्यांशी आधीच बोलणे श्रेयस्कर. याहून अनपेक्षित बाब म्हणजे भूकंप. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि भोवतालच्या गावांना लहान-लहान धक्क्यांची मालिका जाणवू लागली. धड किंवा पंख सरळ राहावा म्हणून तो ज्या ताठ सांगाड्यात धरून ठेवतात त्याला जिग म्हणतात. हा जिग जमिनीत पक्का बसवलेला असला तरी धक्क्यानंतर त्याची पातळी पुन्हा तपासण्याची सवय या परिसरात लावून घ्यावी लागते, जी कोणत्याही परदेशी पुस्तिकेत सापडणार नाही.

हवामानाचा प्रश्न सर्वात चिवट आहे. फायबरच्या विमानात कापडाचे थर इपॉक्सी नावाच्या दोन घटकांच्या राळेने चिकटवतात. दमट हवेत या राळेतील अमाइन हा घटक हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावून पृष्ठभागावर मेणासारखा थर आणतो, आणि तो धुऊन काढल्याशिवाय दिलेला पुढचा थर नीट धरत नाही. झाई-बोर्डीच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दिसतात म्हणून फायबरचे विमानही येथे पावसाळ्यात सहज होईल, हा तर्क फसवा आहे, कारण होडीत वजन वाढवून चूक झाकता येते, विमानात येत नाही. पत्र्याच्या विमानात खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, विशेषतः जिथे ते पोलादाला टेकते तिथे. त्यामुळे जोडाच्या आतल्या बाजूंना प्रायमर देण्याचे काम आळसाने टाळू नये. रिव्हेटचे शास्त्र मात्र देशोदेशी सारखेच आहे: छिद्राचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतरावर हवा, आणि ठोकून तयार झालेले डोके व्यासाच्या सुमारे दीडपट रुंद व निम्मे उंच हवे. चिंचणीत दागिन्यांचे साचे कोरणाऱ्या डायमेकरांचा हात इतका बारीक चालतो की अशा कारागिराकडून महिनाभर नुसती कानस धरायला शिकणे, महागड्या अवजारांच्या दुकानात शिरण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते.

सर्वात महागात पडलेली चूक मात्र हाताची नव्हती, घाईची होती. पत्र्याने एखादा भाग कायमचा बंद होण्याआधी त्याच्या आतील रचना तपासनिसाला दाखवावी लागते, कारण नंतर ती दिसत नाही. प्रस्तुत लेखकाने एलिव्हेटर, म्हणजे शेपटीवरील विमानाचे नाक वर-खाली करणारा भाग, सणाच्या सुट्टीत उत्साहाने बंद केला, आणि पुढे एका बाजूचे सर्व रिव्हेट ड्रिलने काढून तो पुन्हा उघडावा लागला, ज्यात छिद्रे मोठी होऊन एक पत्रा वाया गेला. तारखेसह छायाचित्रे आणि रोजची नोंदवही ही तेव्हापासून अवजारांइतकीच आवश्यक मानली गेली. पैशाबाबत इतकेच सांगावे की किटची पूर्ण रक्कम एकदम भरू नये, शेपटीचा संच आधी घ्यावा; २०२३ च्या अखेरीस अमेरिकेतील एका नामांकित किट-कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागितले, तेव्हा आगाऊ रक्कम भरून बसलेल्यांची झोप उडाली होती.

पहिल्या उड्डाणाचा मोह हा निराळाच विषय आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये हौशी बांधणीच्या विमानांचा अभ्यास केला, तेव्हा अपघातांच्या कारणांत इंजिनाची शक्ती जाणे आणि विमानावरील ताबा सुटणे ही दोन ठळक दिसली, आणि विमानाच्या आयुष्यातील पहिली उड्डाणे विशेष धोक्याची आढळली. तिथे नव्या विमानाला इंजिन व पंखा यांच्या प्रकारानुसार साधारणतः २५ किंवा ४० तासांचे चाचणी-उड्डाण ठराविक क्षेत्रात करावे लागते, ते याचसाठी. ज्याच्या नावावर एकूण ४० तास आहेत त्याने, तेवढ्याच तासांच्या चाचणीचा भार एकट्याने उचलू नये. त्या जातीचे विमान उडवलेला अनुभवी वैमानिक शोधावा, आणि आधी त्याच्याशेजारी बसून शिकावे. आपल्या गावावरून घिरटी घालण्याची इच्छा तर त्याहून दूर ठेवावी. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राची चिमणी सुमारे २७५ मीटर, म्हणजे ९०० फूट उंच आहे, आणि धावपट्टीभोवती विमाने सामान्यतः हजार फुटांवर फिरतात, यावरून तिची उंची लक्षात यावी. खाली उच्च दाबाच्या तारा, चिकूच्या दाट वाड्या आणि बांधांनी चिरलेली भातखाचरे आहेत, ज्यांत इंजिन बंद पडलेले विमान सुखरूप उतरवण्यास फारच थोडी जागा उरते.

इंजिन ही किटमधील सर्वात महाग आणि सर्वात शेवटी मागवायची वस्तू आहे. अमेरिकी लायकॉमिंग इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन दीर्घकाळ न चालता पडून राहिले की त्यावरील तेल निथळून जाते आणि दमट हवेत त्याला गंज धरतो, जो बाहेरून दिसत नाही. प्रस्तुत लेखकाच्या गोदामात सध्या दोन पंख आणि शेपूट कापडात गुंडाळून आढ्याला टांगलेली आहेत. धावपट्टीलगतच्या हँगरमधील जागेचा करार लेखी होईपर्यंत इंजिनाची मागणी नोंदवलेली नाही.