लुळ्या हाताचा खांदा

लकवा झाला की हात लुळा पडतो. खांद्याचे स्नायू ढिले होतात. मग हाताच्या भारानेच खांदा खाली उतरतो. म्हणून रोग्याला उठवताना आपण त्याचा हात धरून ओढू नये. बसवताना हाताखाली उशी द्यावी.

दवाखान्यात यावर विजेचे यंत्र असते. खांद्यावर पट्ट्या चिकटवून सौम्य वीज सोडतात. स्नायू आवळतो, पुन्हा सैल होतो. उपचार लवकर सुरू झाला तर खांदा जागेवर राहायला मदत होते. पण नुसत्या यंत्रावर भागत नाही. रोग्यानेही त्याच वेळी हात उचलू पाहावे.

छातीत पेसमेकर असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. घरची वीज मात्र अंगाला कधी लावू नये. जीव जाईल!

हात एका दिवसात उठत नाही. आपण धीर धरू. रोजचा व्यायाम चुकवायचा नाही.