फळीमागची तार

आपले तेरखेडा समुद्रापासून पुष्कळ दूर. गावातल्या कित्येकांनी समुद्र पाहिलेलाही नसेल. मग शिडाच्या होडीचा धडा आपल्याला कशाला? वाचा, म्हणजे कळेल.

गोव्यात मांडवी नदी आहे. तिलाच म्हादेई म्हणतात. या नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात आपल्या नौदलासाठी एक शिडाची होडी बांधली. तिचे नाव म्हादेई. लांबी ५६ फूट. ही होडी घेऊन दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले. होडीत ते एकटेच. वाटेत चार बंदरांत थांबून, पृथ्वीला फेरी घालून ते मे २०१० मध्ये परत आले. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

शिडाला वारा पुरतो. पण अशा होडीत दिवे असतात, बिनतारी यंत्र असते, पाण्याची खोली सांगणारे यंत्र असते. माणूस झोपला तर सुकाणू सांभाळणारे यंत्रही असते. त्यांच्या तारा आतल्या लाकडी फळ्यांमागून नेतात. नवे यंत्र बसवायचे तर आधी फळ्या काढाव्या लागतात.

हे काम कसे करतात?

पहिली गोष्ट, वीज तोडायची. नुसते मोठे बटण बंद करून भागत नाही. तळाचे पाणी उपसणारा पंप बहुधा थेट बॅटरीला जोडलेला असतो. म्हणून बॅटरीच्याच तारा सोडवतात. बॅटरी लहान दिसते, पण दोन तारा एकमेकींना लागल्या की ठिणगी उडते. ठिणगी म्हणजे काय, हे फटाके करणाऱ्या तेरखेड्याला आम्ही काय सांगावे!

दुसरी गोष्ट, काढलेल्या प्रत्येक फळीला मागून आकडा घालायचा. तिचे स्क्रू एका डबीत ठेवून डबीवर तोच आकडा लिहायचा.

तिसरी गोष्ट, छिद्र पाडण्याआधी मागे काय आहे ते बघायचे. तार असेल, तेलाची नळी असेल, नाहीतर होडीचे अंगच असेल. तिथे भोक पडले तर समुद्र आत येईल!

मग नवी तार घालायची. खारी हवा तांबे खाते. म्हणून कल्हई केलेली तांब्याची तार वापरतात. पितळेच्या भांड्याला आपण कल्हई करतो ना, तसेच. यंत्राजवळ तारेला खाली झोळ देतात. मग तारेवरून ओघळलेले पाणी झोळातून गळून जाते, यंत्रात शिरत नाही.

शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधायची. ‘४, मागचा दिवा.’ ‘५, पंप.’ यंत्र चालवून बघायचे आणि मगच फळी लावायची. तीही स्क्रूनेच. खिळे ठोकले तर पुन्हा उघडताना फळी फुटेल.

एवढा खटाटोप कशासाठी? भर समुद्रात रात्री दिवा गेला तर मिस्त्री कुठून आणणार? फळी आपणच काढायची. आत दहा तारा दिसतात, सगळ्या सारख्याच. त्या वेळी चिठ्ठीवरची दोन अक्षरे वाट दाखवतात. चिठ्ठी नसेल तर शहाणा माणूसही चाचपडत बसतो.

आपल्या विहिरीवर पंपाची पेटी असते. घरात बटणांची फळी असते. कोणते बटण कशाचे, हे बहुधा घरातल्या एकालाच ठाऊक असते. तो माणूस परगावी गेला आणि कुणाला विजेचा धक्का बसला, तर वीज कोण तोडणार?

म्हणून आज घरी गेल्यावर एक काम करा. तारांना हात लावू नका, ते काम जाणत्याचे. एक कागद घ्या. ‘मोठे बटण. आधी हे बंद करा,’ असे ठळक लिहा आणि योग्य जागी चिकटवा. घरातल्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना ते दाखवा. आता तुम्हाला लिहिता येते. तुमची ही एक ओळ एखाद्याचा जीव वाचवील.