निरोपांची रांग : स्वतःची की सेवेने घेतलेली?

कुसगावाजवळून जाणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील मोटार पथकर नाक्यावर येते, काचेवरील फास्टॅग वाचला जातो आणि अडसर वर उचलला जातो. रक्कम त्याच क्षणी बँकेतून वळती झाली, अशी प्रवाशाची समजूत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. तो टॅग बाद ठरविलेल्यांच्या यादीत नाही, एवढे पाहून नाका वाट मोकळी करतो. वसुलीचा निरोप मागाहून नाक्याच्या बँकेकडे, तेथून भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळाच्या यंत्रणेकडे आणि शेवटी वाहनधारकाच्या बँकेकडे जातो. यातील एखादी कडी काही काळ बंद पडली तरी रस्त्यावर वाहनांची रांग लागत नाही. थांबतात ते निरोप.

पाठविणारा व घेणारा यांच्यामध्ये उभे राहून निरोप सांभाळून ठेवणाऱ्या अशा संगणकीय व्यवस्थेस ‘मेसेज ब्रोकर’, म्हणजेच निरोप-मध्यस्थ, म्हणतात. घेणाऱ्याने पोच दिल्याखेरीज मध्यस्थ सहसा निरोप पुसत नाही. ग्रामपंचायती व जिल्हा परिषदा आता पाण्याच्या टाक्यांवर आणि पर्जन्यमापकांवर स्वयंचलित उपकरणे बसवू लागल्या आहेत. त्यामुळे हा मध्यस्थ आपल्या यंत्रसामग्रीवर उभारावा की क्लाउड सेवेतून घ्यावा, हा प्रश्न त्यांच्याही दारी येणार आहे.

समजा, कुसगाव व परिसरात अशी ५० उपकरणे बसविली आणि प्रत्येकाने दर पाच मिनिटांनी एक निरोप धाडला. दिवसाचे १४,४०० व महिन्याचे ४,३२,००० निरोप होतात. संगणकाच्या दृष्टीने हे ओझे क्षुल्लक आहे. त्यातच ‘रॅबिट-एमक्यू’सारखी २००७ पासून प्रचारात असलेली प्रणाली विनामूल्य मिळते. मग कार्यालयातील एका संगणकावर ती बसविली की झाले, असे कोणासही वाटेल.

खर्च प्रणालीचा नसून पहाऱ्याचा आहे. एक यंत्र बंद पडले तरी निरोप हरवू नयेत यासाठी किमान तीन सर्व्हर लागतात. कारण बिघाडाच्या वेळी कोणाची नोंद खरी, हे बहुमताने ठरते. त्यांना अखंड वीज हवी. चकत्या भरत आल्या की कोणाला तरी कळले पाहिजे, सुरक्षिततेच्या दुरुस्त्या वेळेवर चढविल्या पाहिजेत. मावळात आषाढ-श्रावणात वीज आणि दूरध्वनीच्या तारा कधी दगा देतील याचा भरवसा नसतो. घाटाखालच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती १९ जुलै २०२३ च्या रात्री. पावसाची नोंद ज्या वेळी सर्वांत मोलाची असते, नेमक्या त्याच वेळी कार्यालयास कुलूप असते. रात्री दोन वाजता सर्व्हर कोण उठविणार, याचे नावानिशी उत्तर ज्या कार्यालयाजवळ नाही, त्याने स्वतःचा मध्यस्थ उभारण्याच्या भरीस पडू नये.

या परिसराने असाच एक निर्णय पूर्वी पाहिला आहे. मुंबईच्या कापड गिरण्या आपापले बाष्पक आणि कोळशाचे ढीग बाळगून होत्या. १९११ मध्ये लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी झाली. वळवण व शिरवटा येथील तलावांचे पाणी खोपोलीस उतरवून १९१५ मध्ये मुंबईस वीज पोचली. पुढे गिरण्यांनी वाफेची इंजिने मोडीत काढून वीज विकत घेतली. कापड विणणे हा त्यांचा व्यवसाय होता, बाष्पकाची राखण हा नव्हे.

क्लाउडमधील सेवा घेतल्यास तो पहारा सेवादाराकडे जातो. मात्र देयक वाचण्याची सवय लावून घ्यावी लागते. २००६ पासून चालू असलेल्या ॲमेझॉनच्या ‘एसक्यूएस’ या सेवेत आकारणी निरोपांवर नसून विनंत्यांवर असते. निरोप टाकणे, उचलणे आणि पुसणे अशा तीन विनंत्या धरल्या, तर वरील उदाहरणात महिन्यास सुमारे १३ लाख होतात. पहिल्या दहा लाखांस आकार नाही आणि उरलेल्यांस एक डॉलरही पडत नाही. परंतु घेणारा संगणक दर सेकंदास “काही आले काय?” असे विचारीत राहिला, तर रिकाम्या विचारणाच २५,९२,००० होतील. एका विचारणेत वीस सेकंद थांबण्याची सोय वापरली की त्या १,२९,६०० वर येतात.

याहून गंभीर बाब मुदतीची आहे. या सेवेत न उचललेला निरोप, वेगळे काही न सांगितल्यास, चारच दिवस ठेवला जातो. दिवाळीच्या सुटीत घेणारा संगणक पाच दिवस बंद राहिला तर पहिल्या दिवसाच्या नोंदी कायमच्या गेल्या. ही मुदत चौदा दिवसांपर्यंत वाढविता येते. ती वाढविण्याचे काम सेवादाराचे नव्हे. तसेच, एकच निरोप क्वचित दोनदा येतो. प्रत्येकास क्रमांक देऊन दुसरी प्रत टाकून देण्याची तजवीज नसेल, तर पावसाची बेरीज फुगेल.

महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्येच सार्वजनिक क्लाउडविषयी धोरण जाहीर केले. केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाने सूचीबद्ध केलेल्या सेवादारांतून निवड करावी, आणि माहिती भारतातच राहील, हे करारात लिहून घ्यावे. सेवादार पुढे बदलावयाचा झाल्यास अडू नये म्हणून खुल्या संकेतांवर चालणारा मध्यस्थ बरा. व्यवस्थापित ‘रॅबिट-एमक्यू’ तसा मिळतो. मात्र तेथे निरोप येवो न येवो, तासांप्रमाणे आकार चालू राहतो. लहान कामास तो महाग वाटेल. ज्या संस्थेकडे चोवीस तास राबणारे संगणक केंद्र आणि प्रशिक्षित माणसे आधीपासून आहेत, तिचा हिशेब अर्थातच निराळा.

मोठा सेवादार कधी बंद पडत नाही, असेही नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतील एका विभागात बिघाड होऊन जगभरच्या असंख्य सेवा कित्येक तास खोळंबल्या. म्हणून टाकीवरील उपकरणातच किमान काही दिवसांच्या नोंदी साठविण्याची सोय निविदेत मागावी. संपर्क तुटला तर त्या तेथे थांबतील व तो जुळताच क्रमाने पुढे जातील. मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी, एका उपकरणाचा संपर्क मुद्दाम दोन दिवस तोडावा, पुन्हा जोडावा आणि त्या काळातील ५७६ नोंदी कार्यालयात पोचल्या की नाहीत, हे ग्रामसेवकाने स्वतः मोजून घ्यावे.