मला काय येतं, हे त्यांनी विचारलंच नाही

जाहिरात भिशीच्या ग्रुपवर आली होती, तीही आमच्या जाऊबाईंकडून. त्यांना ती कुणीतरी पाठवलेली, त्यांनी पुढे ढकललेली. ‘घरबसल्या टायपिंग. रोज दोन तास. महिना १८,००० रुपये. शिक्षणाची अट नाही, अनुभवाची गरज नाही.’ २०२३चा जून होता. मुलीच्या फीचा दुसरा हप्ता तोंडावर, आणि पावसाळ्यात ह्यांच्या दुकानाकडे गिऱ्हाईक फारसं फिरकत नाही. मी फोन लावला.

पाच मिनिटांत माझी ‘निवड’ झाली. लग्नाआधी मी चार वर्षं डीटीपी सेंटरमध्ये श्रीलिपीवर मराठी पुस्तकं टाइप केली होती. ते सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण पलीकडच्या मुलीला त्यात काही रस नव्हता. तिला हवं होतं आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान आणि २,५०० रुपये नोंदणी. ‘रिफंडेबल आहे, मॅडम.’ मग अकरा पानी इंग्रजी करारनामा आला. त्याखाली ओटीपी टाकून मी सही केली. वाचला का? नाही वाचला.

काम असं होतं : डाव्या बाजूला धुरकट चित्र, उजव्या बाजूला रिकामे रकाने. चित्रातलं नाव, पत्ता, लांबलचक आकडे बघून रकान्यात टाइप करायचे. सात दिवसांत ६०० फॉर्म, अचूकता ९० टक्के. शून्य आहे की इंग्रजी ओ, एक आहे की एल, हे भिंग लावूनही कळू नये अशी अक्षरं. सहाव्या दिवशी दुपारभर साइट बंद. रात्री अडीचपर्यंत जागून मी सहाशेवा फॉर्म भरला आणि डोळ्यांत थेंब घालून झोपले. दुसऱ्या दिवशी निकाल आला : अचूकता ८४ टक्के, मानधन शून्य.

तेवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. संध्याकाळी ‘वकीलसाहेबां’चा फोन आला. ‘आपने एग्रीमेंट तोडा है, मॅडम. आज ६,४०० भरो, नहीं तो आपके नाम पे केस होगा.’ पाठोपाठ व्हॉट्सॲपवर नोटीस. वर तीन सिंह, खाली निळा गोल शिक्का, मध्ये माझं नाव, तेही चुकीचं लिहिलेलं. ज्यांनी माझ्या अचूकतेचे सोळा टक्के कापले, त्यांना माझं आडनाव धड लिहिता येत नव्हतं, हे तेव्हा नाही लक्षात आलं. हात कापत होते. चकलीच्या ऑर्डरींचे साठवलेले पैसे मी घरात कुणाला न सांगता भरून टाकले. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन : केस बंद झाल्याच्या ‘एनओसी’चे ११,८०० रुपये.

तेव्हा मात्र ह्यांना सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. हे थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘दुकानातल्या पोऱ्याने पुडा नीट बांधला नाही, तर मी त्याला चार शब्द सुनावीन. पण त्याच्याकडून दंड घेऊन दुकान चालवीन का? इथे दंड हाच धंदा दिसतोय.’

सगळी मेख तीच होती. त्या फॉर्मांची कुणालाच गरज नव्हती. छापील अक्षरं चित्रातून वाचायला संगणकाला काही क्षण लागतात. त्यासाठी माझ्यासारख्या कराडातल्या बाईला महिना १८,००० कोण देईल? फॉर्म होते ते मी चुकावं म्हणून, आणि करारनामा होता तो मी घाबरावं म्हणून.

पोलीस ठाण्यात सायबरचं काम बघणाऱ्या ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘१९३० ला कधी फोन केला?’ केलाच नव्हता. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक. तिथे लगेच कळवलं, तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. मी लाजेपायी दिवस घालवले होते, आणि माझे पैसे परत आले नाहीत ते नाहीतच. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर नोंदवली. नोटीस बघून ताई हसल्या. ‘यात केस नंबर कुठाय? जिल्हा न्यायालयातला खटला ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतो. तिथे बघा. आणि टायपिंग चुकलं म्हणून कुणाला अटक होत नाही, तो दिवाणी मामला.’ मी शोधलं. माझ्या नावावर काहीच नव्हतं. फोन पुढे आठवडाभर येत राहिले. मी उचलले नाहीत, नंबर ब्लॉक केले, सगळे मेसेज मात्र पुरावा म्हणून ठेवले.

त्याच वर्षी दिवाळीत माझा भाचा वेगळ्या वाटेने त्याच खड्ड्यात पडला. टेलिग्रामवर ‘टास्क’ : व्हिडिओ लाइक करा, हॉटेलांना पाच तारे द्या. पहिल्या दिवशी १५० रुपये खरंच खात्यात आले. तोच गळाला लावलेला गांडूळ. मग ‘प्रीपेड टास्क’ आलं : हजार भरा, तेराशे घ्या. तेही मिळाले. मग पाच हजार, मग वीस. पडद्यावर शिल्लक फुगत गेली, पण काढायला गेला तर ‘आधी टॅक्स भरा’. ग्रुपमध्ये नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारे बाकीचे सगळे त्यांचेच लोक होते.

तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट. ‘काम काहीच नाही, फक्त तुमचं बँक खातं वापरू द्या, कमिशन घ्या.’ त्या खात्यातून कुणाचे तरी चोरलेले पैसे फिरतात, आणि पोलीस दार वाजवतात ते खातेदाराचं.

मग घरून खरं काम मिळतच नाही का? मिळतं. मी गेली दोन वर्षं करते आहे. डीटीपी सेंटरच्या जुन्या मालकांना संकोच सोडून फोन केला, ‘काका, काही काम असलं तर सांगा.’ त्यांनी मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणावरून मजकूर उतरवून घेणाऱ्या एका संस्थेचा नंबर दिला. तिथल्या बाईंचा पहिला प्रश्न होता, ‘श्रीलिपी की युनिकोड?’ दुसरा, ‘ग्रामीण बोली कानाला कळते का?’ मग दोन मिनिटांचा नमुना पाठवला. तो तपासून लाल खुणांसह परत केला, आणि मग दर ठरला. तासाभराचं ध्वनिमुद्रण उतरवायला मला पाच-सहा तास लागतात. पाठ दुखते, आणि कुणी महिना १८,०००चं स्वप्न दाखवत नाही. पण पैसे ठरल्या दिवशी येतात.

एकदा त्यातले दहा टक्के कापून आले, तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं. तो टीडीएस होता. आयकराच्या साइटवर माझ्या पॅनखाली पै न् पै जमा दिसली. खरा देणाराही कधी कापतो, पण देता देता कापतो, आणि कापलेलं कुठे गेलं ते तुम्हाला बघता येतं.

आता कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. काम देणाऱ्याने तुम्हाला काय येतं ते पाहिलं का? अनुवाद, उपशीर्षकं, शिकवणी, मुद्रितशोधन, हिशेब, या सगळ्यांत आधी परीक्षा असते. जे काम कुणालाही, काहीही न येता जमतं, त्याचे भरभक्कम पैसे कुणी का द्यावेत?

नमुना मात्र नमुन्याएवढाच द्यावा. दोनशे शब्द ठीक; वीस पानं फुकट मागितली तर तेच त्यांचं काम, तुमचा नमुना नव्हे.

कंपनीचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर शोधावं, जीएसटी क्रमांक जीएसटीच्या साइटवर. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ने सुरू होतो. पण चोर खऱ्या कंपनीचं नावही वापरतात. म्हणून जाहिरातीतला नंबर सोडून कंपनीच्या स्वतःच्या साइटवरच्या नंबरवर विचारावं. साइट कधी नोंदली गेली तेही तपासता येतं. माझ्या ‘कंपनी’ची साइट दोन महिन्यांची तान्ही होती.

पैसे मागणारा प्रत्येक जण चोर नसतो, हेही खरं. अपवर्कवर कामासाठी अर्ज करताना ‘कनेक्ट्स’ खर्च होतात आणि ते बहुतेक वेळा विकत घ्यावे लागतात. फायव्हर तुमच्या कमाईतले २० टक्के घेतं. पण हे नियम साइटवर उघड लिहिलेले असतात, आणि काम मिळेलच असं वचन कुणी देत नाही. अशा ठिकाणी गिऱ्हाइकाचे पैसे मधल्या मध्ये राखून ठेवण्याची सोय असते. म्हणून ‘बाहेर व्हॉट्सॲपवर या, कमिशन वाचेल’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये. आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही.

गेल्या महिन्यात जाऊबाईंची सून मोबाइल घेऊन आली. ‘काकू, हे बघा ना, रोज ३,००० म्हणतात.’

‘तुला काय काय विचारलं त्यांनी?’

‘नाव, वय, बँक कुठली.’

‘तू बीकॉम आहेस, टॅली शिकलीस, ते?’

ती जरा थांबली. ‘ते नाही विचारलं.’

मी चहा ठेवला आणि माझी वही काढली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला महिन्याचे हिशेब लिहून देणारं कुणीतरी हवं होतं, त्याचा नंबर मी त्यात टिपून ठेवला होता.